घोडा का घासतो?

घोडा का अडला, भाकरी का करपली आणि पाने का सडली, या तीन प्रश्नांना मिळून एकच उत्तर असलेले जुने कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. 'न फिरविल्यामुळे' हे ते उत्तर. प्रस्तुत लेखातील प्रश्नही घोड्याचाच आहे, पण त्याचा प्रकार नेमका उलटा आहे. घोडा का घासतो, हा प्रश्न एकच. त्याची उत्तरे मात्र पाच-सहा आहेत. घोडेवाला त्यातले एकच उत्तर धरून बसला की जनावराचे हाल सुरू होतात.

आपल्या सीमाभागात घोडा पूर्वीइतका दिसत नाही हे खरे. तथापि तो नाहीसा झालेला नाही. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांचे सारे बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर असते. यात्रा-जत्रांतून घोडागाड्यांच्या शर्यती होतात. लग्नाच्या वरातीला घोडा लागतो. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे अश्व आपल्याच जिल्ह्यातील, चिकोडी भागातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून जातात आणि अंकली ते आळंदी ही वाट ते पायी तोडतात. तेव्हा घोड्याच्या अंगाची खाज हा विषय आपल्याला अगदीच परका मानण्याचे कारण नाही.

खाजेचे परिणाम

घोड्याला हात नाहीत. खाज सुटली की तो झाडाला, खांबाला, भिंतीला अंग घासतो, दातांनी चावतो, पाय आपटतो, जमिनीवर लोळतो. सुरुवातीला केस तुटतात, मग जातात. कातडे जाड होऊन त्याला सुरकुत्या पडतात. घासून घासून जखम होते, जखमेवर माशा बसतात आणि वेळप्रसंगी अळ्याही पडतात. खाजणारा घोडा स्वस्थ चरत नाही, त्यामुळे तो खंगतो. पाठ सोललेली असेल तर खोगीर घालता येत नाही आणि तंग आवळला की तो उधळतो. ज्याचे पोट त्या जनावरावर आहे त्याच्या दृष्टीने खाज म्हणजे बुडालेली मजुरीच होय.

या खाजेमागे बहुतेक वेळा परोपजीवी जीव असतात. कोणता जीव, हे ओळखण्याची पहिली खूण म्हणजे घोडा अंगाचा कोणता भाग घासतो ती. म्हणून या लेखाचे सूत्र असे सांगता येईल: कोठे घासतो ते पाहा, म्हणजे का घासतो ते कळू लागेल.

१. मान आणि आयाळ : उवा

थंडीच्या दिवसांत घोड्याच्या अंगावरचे केस दाट होतात आणि त्यांत उवा माजतात. आयाळीचे मूळ, मानेच्या बाजू आणि शेपटीचा बुंधा या त्यांच्या आवडत्या जागा. घोड्यावर दोन जातींच्या उवा आढळतात. एक रक्त शोषणारी, सुमारे तीन मिलिमीटर लांबीची. दुसरी त्याहून लहान, कातडीचा कोंडा कुरतडून खाणारी. रक्त शोषणाऱ्या उवा फार झाल्या तर अशक्त शिंगराला पंडुरोग होऊ शकतो. केस बाजूला सारून उन्हात पाहिले तर उवा नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि केसांना चिकटलेल्या लिखाही दिसतात. घोड्याच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, तेव्हा त्या भीतीने घोड्यापासून दूर पळण्याचे कारण नाही.

उपचारात एक गोष्ट हमखास विसरली जाते. औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. एक-दोन आठवड्यांत त्या फुटतात आणि घोडा पुन्हा घासू लागतो. मग 'औषधात दम नाही' असे म्हणून औषध बदलले जाते. वास्तविक तेच औषध सुमारे चौदा दिवसांनी दुसऱ्यांदा द्यावयाचे असते. उवांसाठी घोड्याला चालणारी परमेथ्रिनसारखी अंगाला लावण्याची औषधे मिळतात. तोंडाने दिलेले आयव्हरमेक्टिन रक्त पिणाऱ्या उवांवर चांगले चालते, पण कोंडा खाणाऱ्या उवांवर त्याचा भरवसा नाही, कारण त्या रक्त पीतच नाहीत. एकाच खराऱ्याने चार घोडी साफ केली आणि एकाची झूल दुसऱ्यावर टाकली की उवा सर्व पागेत पसरतात. म्हणून प्रत्येक जनावराचा खरारा व झूल वेगळी असावी.

२. कातडीतील किडे : खरूज किंवा लूत

ज्याला आपण लूत लागणे म्हणतो आणि कानडीत ज्याला कज्जी म्हणतात, तो रोग अतिसूक्ष्म, आठ पायांच्या किड्यांमुळे होतो. हे किडे कोळी व गोचीड यांच्या कुळातले. घोड्यावर त्यांच्या तीन मुख्य जाती आढळतात.

पहिली जात सारकॉप्टिस. ही कातडीत बोगदे करून राहते. डोके, मान व खांदे येथून सुरुवात होते आणि खाज अतिशय तीव्र असते. ती आता क्वचितच आढळते. परंतु घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाच्या हातावरही तिच्यामुळे काही दिवस खाजरे पुरळ उठू शकते, म्हणून मोतद्दाराने सावध राहावे. दुसरी जात सोरॉप्टिस. ही बोगदे करीत नाही, कातडीवर राहते आणि आयाळ, कपाळावरची झुलपे व शेपटीचा बुंधा अशा दाट केसांच्या जागी खपल्या धरविते. तिसरी कोरिऑप्टिस. ही पायांच्या खालच्या भागात, खुरांच्या वर राहते. ज्या घोड्यांच्या पायांवर लांब केस असतात त्यांना हिचा त्रास अधिक. घोडा रात्री उभ्या-उभ्या पाय आपटत असेल आणि एका पायाने दुसरा घासत असेल तर हिची शंका घ्यावी. पायाला खपल्या दिसल्या की 'चिखल लागला' असे समजून पुष्कळ जण गप्प बसतात.

या किड्यांची निश्चिती सूक्ष्मदर्शकाशिवाय होत नाही. कातडीची खरवड काचपट्टीवर घेऊन, त्यावर पातळ पॅराफिनचा थेंब टाकून पाहतात. सारकॉप्टिस खोल असल्याने थोडे रक्त दिसेपर्यंत खरवडावे लागते आणि तरीही ती पुष्कळदा सापडत नाही. अशा वेळी लक्षणांवरून उपचार करावा लागतो.

घोड्याच्या अंगावरून पडल्यावरही यांतील काही किडे दोन-तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जगतात. म्हणून घोड्याला औषध देऊन तबेल्यातील गवत, झूल व खांब तसेच ठेवले तर उपचार अर्धाच झाला असे समजावे. खाली अंथरलेले गवत जाळावे, झूल उकळत्या पाण्यात घालावी आणि पागेतील सर्व घोड्यांना, न खाजणाऱ्यांनाही, एकाच वेळी औषध द्यावे.

३. आयाळ व शेपूट, पण सांजसकाळी : चिलटे

पावसाळ्यात आयाळ व शेपटीचा बुंधा घासून घोड्याचे रक्त निघते, पण खरवडीत एकही किडा सापडत नाही, असा अनुभव येतो. अशा वेळी गुन्हेगार घोड्याच्या अंगावर नसतो. तो संध्याकाळी येतो, चावतो आणि जातो. क्युलिकॉइडिस नावाची ही चिलटे एक ते तीन मिलिमीटरची असतात. ओल्या, कुजकट चिखलात ती वाढतात आणि पहाटे व तिन्हीसांजेला चावतात. त्यांच्या लाळेची काही घोड्यांना असह्यता असते. एकाच गोठ्यातील दहा घोड्यांपैकी एखाद्यालाच हा त्रास होतो, याचे कारण हेच. ही प्रवृत्ती वंशातून येते.

या बाबतीत आइसलंडच्या घोड्यांचे उदाहरण बोधप्रद आहे. ज्या बेटावर या चिलटांचा उपद्रव नाही तेथे जन्मलेले घोडे युरोपात नेले की त्यांतील बऱ्याच जणांना हा रोग जडतो. त्याच जातीचे, पण युरोपातच जन्मलेले घोडे त्या मानाने पुष्कळच कमी आजारी पडतात. लहानपणी ज्या शत्रूशी गाठ पडली नाही, तो मोठेपणी अधिक छळतो.

येथे किडे मारण्याच्या औषधापेक्षा अडसर महत्त्वाचा. पहाटे व संध्याकाळी घोडा आत बांधावा. ही चिलटे उडण्यात दुबळी असतात. तबेल्यात एखादा पंखा सुरू ठेवला तरी ती वाऱ्यापुढे टिकत नाहीत. साधी मच्छरदाणी मात्र उपयोगी नाही, तिच्या भोकांतून ती सहज जातात; अधिक बारीक जाळी लागते. जवळचे डबके बुजवावे व शेणखताचा ढीग लांब न्यावा.

४. केवळ शेपूट : जंत

आता ज्या उत्तराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ते पाहू. आमच्या गावाबाहेर दरसाल मेंढरांचा तळ पडतो. त्यातील एका तट्टाची शेपूट वरच्या बाजूने झाडूच्या बुडख्यासारखी झाली होती. म्हाताऱ्या बाबांना विचारले तर ते म्हणाले, "उवा झाल्यात पोरा, दुसरं काय?" त्यांनी रॉकेल चोळून पाहिले होते. त्यामुळे कातडी भाजून निघाली होती, घासणे थांबले नव्हते. मी केस विंचरून पाहिले. उवा नव्हत्या, लिखाही नव्हत्या. आयाळ जशीच्या तशी होती.

प्राणिशास्त्राच्या तासाला ऐकलेली एक युक्ती आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, शेपटीखाली धुण्यापूर्वी, साधी चिकटपट्टी गुदद्वाराभोवती दाबून ती काचपट्टीवर चिकटविली आणि सरांच्या परवानगीने कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लांबट, एका बाजूने चपटी आणि एका टोकाला बूच बसविल्यासारखी अंडी तेथे रांगेने दिसली. ती ऑक्सियुरिस इक्वी या जंताची होती.

या जंताची मादी मोठ्या आतड्यात राहते, पण अंडी घालण्यासाठी गुदद्वाराबाहेर येते आणि हजारो अंडी एका चिकट द्रवासह कातडीवर लावून जाते. तो द्रव वाळला की खाज सुटते. अंडी लिदेत नसून कातडीवर असल्याने लिदेच्या नेहमीच्या तपासणीत ती सापडत नाहीत. चार-पाच दिवसांत ती तयार होतात, खांबाला, गव्हाणीला, दावणीला लागतात आणि चाऱ्याबरोबर पुन्हा पोटात जातात. तालुक्याच्या पशुवैद्यांनी त्या तट्टाला फेनबेंडॅझोल दिले आणि शेपटीखालचा भाग रोज ओल्या कापडाने पुसून ते कापड जाळण्यास सांगितले. तळ हलण्यापूर्वी शेपटीवर नवे केस दिसू लागले होते. पोटातील रोगावर शेपटीला रॉकेल चोळले जात होते, एवढाच त्याचा सारांश.

५. पोटाची मध्यरेषा व पावसाळी व्रण

पोटाखाली बेंबीच्या आसपास, छातीवर व तोंडावर केस जाऊन खपल्या धरत असतील तर ऑंकोसर्का या जंताचा विचार करावा. याचे प्रौढ जंत मानेच्या मोठ्या स्नायुबंधात वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिले कातडीत फिरतात. ती एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम वर सांगितलेली चिलटेच करतात. आयव्हरमेक्टिनने पिले मरतात, प्रौढ मरत नाहीत. म्हणून काही महिन्यांनी त्रास परत येऊ शकतो. औषधानंतर एक-दोन दिवस पोटाखाली सूज आली तर घाबरू नये, मेलेल्या पिलांची ती प्रतिक्रिया असते. तरी वैद्याला कळवावे.

पावसाळ्यात न भरणारी, मांस वाढत जाणारी, खाजरी जखम ही आणखी वेगळी. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रज पशुवैद्यांनी आपल्याच 'बरसाती' या शब्दावरून तिला नाव दिले आणि ते त्यांच्या ग्रंथांतून रूढ झाले. हॅब्रोनेमा नावाचे जंत घोड्याच्या जठरात असतात. त्यांची पिले लिदेतून माशीच्या अळीत व तेथून माशीत जातात. माशी जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यावर किंवा ओठावर बसली की ती तेथे उतरतात. जखमेत तांदळाच्या कणीसारखे पिवळे खडे सापडतात. मात्र जुन्या काळी ज्याला सरसकट बरसाती म्हटले गेले, त्यातील काही जखमा पिथियम या पाण्यात वाढणाऱ्या, बुरशीसारख्या जीवाच्या होत्या, असे पुढे स्पष्ट झाले. त्यावर जंताचे औषध चालत नाही, उलट दिवस वाया जातात. म्हणून अशा जखमेचा तुकडा तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

येथेच गजकर्णाचाही उल्लेख केला पाहिजे. वाटोळे चट्टे, तुटलेले केस, पण खाज थोडी, असे असेल तर ती बुरशी समजावी. ती माणसाला लागते.

औषधाचे माप

१९८१ साली जनावरांसाठी बाजारात आलेल्या आयव्हरमेक्टिनने या सर्व उपचारांचे रूप पालटले. जपानमधील मातीच्या नमुन्यात सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघाले. त्याबद्दल त्यांना व विल्यम कँपबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घोड्याला ते तोंडाने, शरीराच्या दर किलोला ०.२ मिलिग्रॅम या मापाने देतात.

पण आपल्याकडे घोडा काट्यावर चढवणार कोण? त्यासाठी शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन घेराचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे व ११,८७७ ने भागावे, म्हणजे वजन किलोत मिळते. समजा, घेर १५० आणि लांबी १३० आहे. १५० चा वर्ग २२,५००. गुणिले १३० म्हणजे २९,२५,०००. त्याला ११,८७७ ने भागले की सुमारे २४६ किलो. म्हणजे औषध सुमारे ४९ मिलिग्रॅम लागेल. पाचशे किलोच्या शर्यतीच्या घोड्यासाठी भरलेली नळी अशा तट्टाच्या तोंडात पुरी रिकामी करणे किंवा अंदाजाने अर्धीमुर्धी देणे, दोन्ही चूकच. कमी मापाने जंत मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात.

काय करू नये

हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण खाजेपेक्षा खाजेवरच्या उपायांनीच अधिक घोडी दुखावतात.

म्हशीच्या गोचिडांसाठी घरात ॲमिट्रॅझची बाटली असते. ती घोड्याला लावू नये. म्हशीला जे औषध मानवते त्याने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडून पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावू शकतो. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही घोड्याला टोचू नये. टोचल्या जागी भयंकर सूज व जंतुदोष झाल्याचा अनुभव आहे. मोटारीचे जळलेले ऑईल, रॉकेल, तंबाखूचे पाणी आणि पिकावर फवारायची विषे, ही चारही निषिद्ध मानावीत. घोड्याची कातडी पातळ असते, शिवाय तो स्वतःचे अंग चाटतो व चावतो. लावलेले विष त्याच्या पोटात जाते.

आपल्या जुन्या उपायांत सारेच टाकाऊ होते असे मात्र नव्हे. गंधक खरजेवर चालतो, हे सालोत्र्यांना ठाऊक होते आणि आजही चुना व गंधक यांचे तयार द्रावण आठवड्यातून एकदा, चार ते सहा आठवडे वापरण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, एवढाच त्याचा दोष. शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यकाची परंपरा सांगणाऱ्या देशात घोड्याच्या खाजेवर जळलेले ऑईल फासले जावे, ही परंपरा नव्हे; ती परंपरा तुटल्याची खूण आहे.

उपसंहार

थोडक्यात सांगावयाचे तर, औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी घोड्यापाशी पाच मिनिटे उभे राहावे. तो मान घासतो की शेपूट, पाय आपटतो की पोट चावतो. हे थंडीत होते की पावसात, दिवसभर होते की तिन्हीसांजेला. एकालाच होते की साऱ्या पागेला. आणि मोतद्दाराच्या हातालाही खाज आहे काय, एवढे पाहून पशुवैद्याला सांगितले तर त्याचे निम्मे काम होते. खरवड किंवा चिकटपट्टी तपासण्यास फार खर्च येत नाही. ज्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे तेथील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या जनावरांसाठी एवढे केले, तरी प्रात्यक्षिकाच्या वहीबाहेर त्या विद्येचा उपयोग झाला असे म्हणता येईल.

न फिरविलेला घोडा अडतो हे कोड्याने आपल्याला शिकविले. घासणारा घोडा मात्र अडत नाही. तो ओझे वाहतच राहतो आणि रात्री खांबाला अंग घासतो. तेवढ्यानेच तो आपली तक्रार सांगत असतो. ती ऐकून घेण्याचे काम आपले आहे.